दोनशे चौदा कोटींची मूळ संख्या वही-पेन्सिल घेऊन कशी तपासावी

२,१४,७४,८३,६४७. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दोनाला दोनाने गुणत एकतिसाव्या घातापर्यंत जा आणि त्यातून एक वजा करा, की ही संख्या मिळते: २^३१ − १. (^ ही खूण इथे घातांकासाठी वापरली आहे.) १७७२ मध्ये लिओनार्ड ऑयलर यांनी ती मूळ असल्याचं सिद्ध केलं, आणि पुढे जवळपास शतकभर यापेक्षा मोठी मूळ संख्या कुणाला माहीत नव्हती. ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली होती.

ही संख्या मूळ आहे असं कुठेही वाचायला मिळतं. माझा आग्रह असा की एकदा तरी ते स्वतः पडताळून बघावं. सातवी-आठवीचं गणित, चौकटीची वही आणि एखादी मोकळी दुपार एवढ्यावर बरंच काही हाती लागतं. पूर्वी सोयरीक जुळवताना माणसं घरात पाऊल टाकण्याआधी शेजारीपाजारी चौकशी करत. मोठ्या मूळ संख्येची चौकशीही तिच्या दोन शेजाऱ्यांकडेच करावी लागते: एकाने लहान असलेली संख्या आणि एकाने मोठी असलेली संख्या. आपल्या संख्येचे जवळजवळ सगळे गुण या दोघांकडून कळतात. पुढे तिला मी नुसतं ‘म’ म्हणेन.

पहिली पायरी : शाळेतल्या कसोट्या

शेवटचा अंक ७, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज २+१+४+७+४+८+३+६+४+७ = ४६, म्हणजे ३ बाद.

७, ११ आणि १३ या तिघांसाठी वेगवेगळे भागाकार करू नका. ७ × ११ × १३ = १००१ आहे, त्यामुळे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आळीपाळीने वजाबाकी-बेरीज केली की तिन्ही कसोट्या एकदम होतात. आपले स्वल्पविराम लाख-कोटींच्या हिशेबाने पडतात, इथे मात्र ते बाजूला ठेवून २ | १४७ | ४८३ | ६४७ असे गट करा.

६४७ − ४८३ + १४७ − २ = ३०९.

३०९ ला ७ ने भागलं तर बाकी १, ११ ने भागलं तरी १, १३ ने भागलं तर १०. तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही. ७ आणि ११ दोघांनीही बाकी १ ठेवली, ही गोष्ट वहीच्या कडेला लिहून ठेवा. तिसऱ्या पायरीत ती लागेल.

असंच पुढे १७, १९, २३ करत गेलो तर कुठे थांबायचं? वर्गमूळापाशी. ४६,३४० चा वर्ग म पेक्षा लहान आणि ४६,३४१ चा वर्ग मोठा, त्यामुळे ४६,३४० पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. अशा मूळ संख्या ४,७९२ आहेत. रोज शंभर भागाकार केले तरी दीड महिना. आणि त्यात एखादा हातचा चुकला तर कळणारही नाही.

दुसरी पायरी : भाजक चाळून घ्या

ऑयलर यांनी इथे काय केलं ते समजून घेणं हा या सगळ्या उद्योगातला सर्वांत समाधानाचा भाग आहे. त्यासाठी जरा सावकाश जाऊ.

समजा ‘भ’ नावाच्या एखाद्या मूळ संख्येचा म ला निःशेष भाग जातो. म्हणजे २^३१ ला भ ने भागलं की बाकी १ उरणार. आता २, ४, ८, १६… या घातांच्या बाक्या भ ने भागून एकाखाली एक मांडल्या तर त्या कधीतरी १ वर येतात आणि तिथून पुन्हा तोच क्रम सुरू होतो. ही फेरी किती पायऱ्यांची? ३१ व्या पायरीला बाकी १ आहे, म्हणून फेरीची लांबी ३१ चा विभाजक हवी. ३१ स्वतः मूळ आहे, त्यामुळे लांबी एक तर १ किंवा ३१. १ असू शकत नाही, कारण मग २ − १ ला, म्हणजे १ ला, भ ने भाग गेला पाहिजे. तेव्हा फेरी ३१ पायऱ्यांची.

दुसरीकडे फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की (भ − १) व्या पायरीलाही बाकी १ असते. म्हणजे भ − १ मध्ये ३१ च्या फेऱ्या पुऱ्या बसल्या पाहिजेत. शिवाय भ विषम, म्हणून भ − १ सम. दोन्ही मिळून भ − १ ला ६२ ने भाग जातो.

एका फटक्यात भाजक ६३, १२५, १८७, २४९… एवढेच उरले.

अजून एक चाळणी आहे. २^३१ ची बाकी १ असेल तर २^३२ ची बाकी २ होईल. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे भ च्या हिशेबात २ ला वर्गमूळ आहे (जिच्या वर्गाला भ ने भागलं की बाकी २ उरते अशी संख्या), आणि ज्या विषम मूळ संख्येच्या हिशेबात २ ला वर्गमूळ असतं तिला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते. दोन्ही अटी एकत्र केल्या की भाजक फक्त दोन रांगांत बसतात: २४८ च्या पाढ्यात १ मिळवून येणाऱ्या संख्या, आणि २४८ च्या पाढ्यात ६३ मिळवून येणाऱ्या.

४६,३४० पर्यंत पहिल्या रांगेत १८६ संख्या येतात. दुसरीत ६३ सोडून (तो संयुक्त आहे) १८६. एकूण ३७२. ऑयलर यांनी गणितज्ञ बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रात नेमक्या याच दोन रांगा सांगितल्या होत्या.

त्यातही संयुक्त संख्या गाळता येतात. सुरुवातीचे उमेदवार बघा: २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३, १४८९. २४९ ला ३ चा भाग जातो, ४९७ ला ७ चा, ५५९ ला १३ चा, १२४१ ला १७ चा. या अकरांतून तपासायला मूळ संख्या उरतात तीनच: ३११, १३०३ आणि १४८९. सबंध यादीत असे ऐंशीच्या आसपास उरतात. चार हजार सातशेवरून ऐंशीवर!

आता प्रत्यक्ष भागाकार. दहा अंकी संख्येला तीन-चार अंकी संख्येने भागत बसू नका. वर पाहिलं की भ चा भाग जात असेल तर २^३२ ची बाकी २ येते. २^१६ म्हणजे ६५,५३६ हा आकडा पाठच करून टाका. मग प्रत्येक भ साठी कृती एवढीच: ६५,५३६ ला भ ने भागून बाकी घ्या, तिचा वर्ग करा, पुन्हा भ ने भागून बाकी घ्या. २ आली तर भाग गेला, नाही तर नाही.

३११ घेऊ. ६५,५३६ मधून ३११ × २१० = ६५,३१० गेले, बाकी २२६. याचा वर्ग करण्यापेक्षा ३११ मधून वजा करून ८५ चा वर्ग करा, बाकी तीच येते: ७२२५. त्यातून ३११ × २३ = ७१५३ गेले, बाकी ७२. दोन आली नाही, ३११ बाद.

१३०३ : ६५,५३६ ची बाकी ३८६. तिचा वर्ग १,४८,९९६, त्याची बाकी ४५४. बाद.

१४८९ : १४८९ × ४४ = ६५,५१६, बाकी फक्त २०. वर्ग ४००. बाद. असे सोपे भाजक मधूनमधून भेटत राहतात आणि हुरूप टिकतो.

ही युक्ती खरोखर काम करते का, हे भाग जाणाऱ्या उदाहरणावर बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. २^११ − १ = २०४७ घ्या. इथे ११ साठी भाजक २२ च्या पाढ्यात १ मिळवून येणार, पहिलाच २३. २^१२ ची बाकी २ येते का बघायची, म्हणजे २^६ = ६४ पासून सुरुवात. ६४ ला २३ ने भागलं, बाकी १८. २३ − १८ = ५, वर्ग २५, बाकी २. भाग गेला. आणि खरंच २०४७ = २३ × ८९.

घातांक मूळ असला म्हणजे २ च्या घातातून १ वजा करून मूळ संख्या मिळतेच, हा समज या एका उदाहरणाने मोडतो. भल्याभल्यांना या रांगेने चकवलं आहे. इटलीचे पिएत्रो कातालदी यांनी १७ आणि १९ चे घात बरोबर तपासले होते, पण १६०३ मध्ये छापताना २३, २९, ३१ आणि ३७ हेही मूळ संख्या देतात असं म्हटलं. त्यातला फक्त ३१ खरा निघाला. २३ आणि ३७ फर्मा यांनी १६४० मध्ये खोडले, २९ ऑयलर यांनी १७३८ मध्ये. २^२९ − १ = २३३ × ११०३ × २०८९, आणि हे तिन्ही भाजक ५८ च्या पाढ्यात १ मिळवलेले आहेत. करून बघा. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी १६४४ मध्ये अशा घातांकांची जी यादी दिली, तिच्यातही ६७ आणि २५७ चुकीचे होते, ६१, ८९ आणि १०७ सुटले होते. तरी अशा संख्यांना नाव त्यांचंच लागलं, आणि ते योग्यच आहे. प्रश्न त्यांनी लोकांपुढे ठेवला.

तिसरी पायरी : खालच्या शेजाऱ्याकडे

म − १ = २,१४,७४,८३,६४६. याचे अवयव पाडायचे. दहा अंकी संख्या बघून घाबरू नका, इथे बीजगणितातलं एकच सूत्र पुरतं.

म − १ म्हणजे २^३१ − २, म्हणजे २ × (२^३० − १). आणि २^३० − १ हा दोन वर्गांमधला फरक, म्हणून (२^१५ − १) × (२^१५ + १), अर्थात ३२,७६७ × ३२,७६९.

३२,७६७ = ७ × ३१ × १५१
३२,७६९ = ९ × ११ × ३३१

सगळं मिळून म − १ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१.

पहिल्या पायरीत ७ आणि ११ ने भागल्यावर बाकी १ का आली ते आता दिसलं. ९ ने भागलं तरी बाकी १ च यायला हवी, आणि अंकांची बेरीज ४६, पुढे ४ + ६ = १०, पुढे १. जुळलं.

हे अवयव हाताशी आले की म मूळ असल्याचा एक वेगळा, स्वतंत्र पुरावा तयार होतो. अशी एखादी संख्या शोधायची की जिचे घात म ने भागत गेलो तर १ पासून म − १ पर्यंतच्या सगळ्या बाक्यांमधून फिरून मगच पुन्हा १ वर येतील. अशी पूर्ण फेरी फक्त मूळ संख्येतच शक्य असते. म साठी असं काम करणारी सर्वांत लहान संख्या ७. पडताळणी अशी: ७ चा (म − १) वा घात बाकी १ देतो हे बघा. मग म − १ ला २, ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१ यांनी एकेकदा भागून ते सात घातांक घ्या, आणि त्यांपैकी एकाही घाताची बाकी १ येत नाही हे बघा. एकूण आठ हिशेब. हे कागदावर शक्य असलं तरी जीव काढणारं आहे, इथे मी संगणक वापरतो. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पूर्णांक कितीही मोठा चालतो, आणि घात काढणाऱ्या अंगभूत फंक्शनला तिसरी संख्या म्हणून म दिला की ते थेट बाकीच परत देतं.

इथे एक खड्डा आहे. ७ ऐवजी २ घेऊन ही तपासणी करायला जाऊ नका. २ चा ३१ वा घातच बाकी १ देतो, त्याची फेरी अवघ्या ३१ पायऱ्यांची. त्यामुळे ‘२ चा (म − १) वा घात बाकी १ देतो, म्हणून म मूळ असावा’ हा निष्कर्ष इथे बिनकामाचा आहे. २०४७ कडे बघा: २०४६ ला ११ ने भाग जातो, म्हणून २ चा २०४६ वा घातही बाकी १ देतो, आणि २०४७ तर संयुक्त आहे. मेर्सेनच्या धाटणीची कोणतीही संख्या, घातांक मूळ असला की, २ ची ही परीक्षा पास होते. दुसरा पाया घ्या.

पूर्ण फेरीचा हा गुण रोजच्या कामात वापरलाही जातो. १ पासून सुरू करून दर वेळी १६,८०७ ने गुणा आणि म ने भागून बाकी घ्या: १, मग १६,८०७, मग २८,२४,७५,२४९, मग १,६२,२६,५०,०७३, मग ९८,४९,४३,६५८… वरवर पाहता या आकड्यांत कसलाच क्रम दिसत नाही. १६,८०७ म्हणजे ७^५, आणि ५ हा म − १ चा अवयव नसल्यामुळे ७ सारखीच याचीही फेरी पूर्ण होते: २,१४,७४,८३,६४६ वेगवेगळे आकडे आल्याशिवाय पुनरावृत्ती नाही. यादृच्छिक आकडे तयार करायची ही रीत स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी १९८८ मध्ये किमान मापदंड म्हणून सुचवली, आणि तुमचा प्रोग्रॅम बरोबर आहे का हे तपासायला एक खूणही दिली: १ पासून निघाल्यावर दहा हजाराव्या गुणाकाराला १,०४,३६,१८,०६५ आला पाहिजे. स्वतः लिहून बघा, पाच ओळींचं काम आहे. पूर्ण फेरी मारणारे असे गुणक म साठी एकूण ५३ कोटी ४६ लाख आहेत, पण सगळेच चांगले विखुरलेले आकडे देतात असं नाही. आणि गुप्तलेखनासाठी ही रीत चुकूनही वापरू नये, कारण एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात.

चौथी पायरी : वरच्या शेजाऱ्याकडे

म + १ = २^३१. नुसता दोनाचा घात, दुसरा अवयवच नाही. यापेक्षा सरळ शेजारी मिळणार नाही, आणि म्हणूनच अशा संख्यांसाठी जगातली सर्वांत सुटसुटीत मूळत्वाची कसोटी उपलब्ध आहे. एदुआर लुकास यांनी ती १८७६ च्या सुमारास शोधली, डेरिक लेहमर यांनी पुढे तिला आजचं रूप दिलं.

कृती: ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, म ने भागून बाकी घ्या. पुन्हा तेच. घातांक ३१ असेल तर हे २९ वेळा करायचं, म्हणजे घातांकापेक्षा दोन कमी. शेवटी ० आला तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. मधला मार्ग नाही.

थेट म वर उडी मारण्याआधी १२७ वर हात बसवा. १२७ = २^७ − १, म्हणजे पाच फेऱ्या. बाकी काढताना १२७ ने भागायची गरजच नाही: १२८ ने भागा आणि भागाकार व बाकी यांची बेरीज करा. १२८ ची बाकी १ असल्यामुळे हे चालतं.

४ चा वर्ग १६, वजा २, १४.
१४ चा वर्ग १९६, वजा २, १९४. यात १२८ एकदा, उरले ६६. बेरीज ६७.
६७ चा वर्ग ४४८९, वजा २, ४४८७. यात १२८ पस्तीस वेळा, उरले ७. बेरीज ४२.
४२ चा वर्ग १७६४, वजा २, १७६२. तेरा वेळा, उरले ९८. बेरीज १११.
१११ चा वर्ग १२,३२१, वजा २, १२,३१९. शहाण्णव वेळा, उरले ३१. बेरीज १२७, म्हणजेच ०.

१२७ मूळ. शेवटून दुसरा आकडा १११ होता, म्हणजे १२७ − १६. हा योगायोग नाही. पुढच्या वर्गातून २ गेल्यावर शून्य यायचं तर त्या आकड्याचा वर्ग २ च हवा, आणि १६ चा वर्ग २५६, त्याची १२७ ने बाकी २. म साठी शेवटून दुसरा आकडा याच कारणाने ६५,५३६ तरी असतो किंवा म − ६५,५३६ तरी. दुसऱ्या पायरीत पाठ केलेला आकडा असा इथे परत भेटतो. लांब हिशेबात शेवटाला येताना ही खूण दिसली की वाट चुकलेली नाही हे कळतं.

आता म. ४, १४, १९४, ३७,६३४, १,४१,६३,१७,९५४, ६६,९६,७०,८३८… इथपर्यंत मी वहीत केलं आहे. पाचव्या फेरीला १,४१,६३,१७,९५४ चा वर्ग करण्याऐवजी तो म मधून वजा करून ७३,११,६५,६९३ चा वर्ग केला, तेवढेच कष्ट कमी. तरी त्या एका फेरीला अर्धा तास लागला.

पुढच्या फेऱ्या संगणकाला द्या, पण कुठल्या साधनाला देता ते बघा. मी पहिल्यांदा हे स्प्रेडशीटमध्ये केलं आणि शेवटी शून्य आलाच नाही. दोन संध्याकाळी सूत्र तपासण्यात गेल्या. सूत्र बरोबर होतं. म च्या जवळच्या आकड्याचा वर्ग अठरा-एकोणीस अंकी होतो आणि स्प्रेडशीट साधारण पंधरा अंकच नेमके धरून ठेवतं. शेवटचे अंक गोल झाले की बाकीला काही अर्थ उरत नाही, आणि चूक झाल्याचा इशाराही येत नाही. फोनवरच्या पुष्कळ कॅल्क्युलेटरचंही तेच. पूर्णांक जसाच्या तसा ठेवणारं साधन घ्या, आणि आधी १२७ व २०४७ वर चालवून बघा. २०४७ साठी नऊ फेऱ्यांनंतर १७३६ आला पाहिजे. शून्य नाही, म्हणून संयुक्त.

वरच्या शेजाऱ्याचा आणखी एक उपकार आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. समजा म च्या हिशेबात एखाद्या संख्येचं वर्गमूळ हवंय. एरवी हे किचकट काम असतं. पण म ला ४ ने भागलं तर बाकी ३ उरते, आणि अशा वेळी (म + १) ÷ ४ एवढा घात काढला की वर्गमूळ हातात येतं. आपल्याकडे तो घातांक २^२९ आहे, म्हणजे नुसता एकोणतीस वेळा वर्ग करायचा, मधे एकही गुणाकार नाही. १२७ वर हेच पाच वर्गांत होतं. ११ घ्या: ११, १२१, ३६, २६, ४१, ३०. पडताळा: ३० चा वर्ग ९००, त्यात १२८ सात वेळा, उरले ४, बेरीज ११. ज्या संख्येला वर्गमूळ नसतं तिच्यासाठी याच कृतीतून तिच्या ऋण संख्येचं वर्गमूळ मिळतं. तेव्हा शेवटी वर्ग करून पाहायला विसरू नका. ४ ने भागून ३ बाकी उरते यातूनच हेही ठरतं की म कधीही दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात लिहिता येणार नाही.

मूळपणाचा संबंध कुठे आहे आणि कुठे नाही

ही संख्या संगणकाच्या जगात सगळीकडे दिसते ती मूळ असल्यामुळे, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते खरं नाही. द्विमान पद्धतीत म म्हणजे ओळीने एकतीस एक. ३२ बिटांपैकी एक बिट चिन्हाला दिलं की उरलेल्या ३१ मध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा खणात मोजणाऱ्या जुन्या प्रणाली १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, या आकड्यावर पोचतील आणि पुढच्या सेकंदाला ऋण संख्येत कोसळतील. घातांक ३१ ऐवजी २९ असता आणि संख्या संयुक्त असती तरी असंच झालं असतं, फक्त कितीतरी आधी.

मूळपणाचा खरा संबंध आहे तो परिपूर्ण संख्येशी. जिच्या स्वतःखेरीज सगळ्या विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच येते ती परिपूर्ण. ६ म्हणजे १+२+३. ४९६ म्हणजे १६ × ३१. त्याच धर्तीवर २^३० × म = २३०५८४३००८१३९९५२१२८ ही एकोणीस अंकी परिपूर्ण संख्या मिळते. पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिलं की यापुढची परिपूर्ण संख्या कधी सापडेल असं वाटत नाही, कारण या संख्या नुसत्या कुतूहलाच्या आहेत आणि कुणी एवढे कष्ट घेणार नाही. १८७६ मध्ये लुकास यांनी २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली २^१३६२७९८४१ − १ ही मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे, आणि तिच्यावरही शेवटचं शिक्कामोर्तब वर दिलेल्या वर्ग करा, दोन वजा करा या कसोटीनेच झालं.

शेवटचा अभ्यास

३, ७, १२७ यांच्याकडे बघा. २^२ − १ = ३, २^३ − १ = ७, २^७ − १ = १२७. दर वेळी आलेली मूळ संख्या पुढचा घातांक होते. ५ पासून निघालं तर ३१, आणि ३१ पासून आपला म. मग म लाच घातांक केलं तर? २^म − १ ही संख्या चौसष्ट कोटींहून जास्त अंकांची आहे. ती लिहून काढायला वह्या पुरणार नाहीत. पण ती संयुक्त आहे हे सांगता येतं, आणि तिचा एक भाजकही माहीत आहे: २९५२५७५२६६२६०३१.

हा भाजक तुम्ही आजच तपासू शकता. दुसऱ्या पायरीतला नियम लावा: भाजकातून १ वजा केलं की घातांकाच्या दुपटीने भाग गेला पाहिजे. घातांक म, म्हणून २ × म ने भागा, ६८,७४५ मिळतात, बाकी शून्य. ८ ने भागून बाकी १ किंवा ७ हवी: ७ आहे. आता भाग जातो का ते बघायला २ पासून सुरू करून दर वेळी वर्ग करा आणि या भाजकाने भागून बाकी घ्या, एकतीस वेळा. म + १ हा २^३१ असल्यामुळे एकतिसाव्या वर्गाला घातांक बरोबर म + १ होतो. तिथे बाकी २ आली की भाग गेला.